साठ ढगळ कोट

या घरात मोठा निर्णय घ्यायचा तो कापड कापायच्या टेबलाभोवती, आणि त्याआधी टेबलावरच्या सगळ्या कात्र्या उचलून कपाटात ठेवायच्या, ही पद्धत आजीने घालून दिली होती. आजी जाऊन नऊ वर्षं झाली. तरीही त्या रविवारी सकाळी दहा वाजता काकूने कुणी न सांगता सातही कात्र्या मोजून कपाटात टाकल्या आणि किल्ली कमरेला खोचली. त्यावरून प्रकरण किती तापलंय याचा अंदाज सगळ्यांना आला.

टेबलाच्या एका टोकाला साठ पांढरे कोट रचले होते. परिचारिकांच्या शाळेने ते गुरुवारी परत पाठवले होते, सोबत मुख्य बाईंची चिठ्ठी. ‘मुलींनी कोट घातले की कोटात मुली शोधाव्या लागतात. बाह्या बोटांवर, खांदे दंडावर. कृपया पाहावे.’ बाईंना विनोदबुद्धी होती, आणि एरवी या घराला ती आवडलीही असती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक खोकं होतं. त्यात कॉम्प्युटर होता, वायरी नीट गुंडाळलेल्या, वरून जुन्या अस्तराचा तुकडा घातलेला. हे काम थोरल्या काकांनी सकाळी सातलाच उरकलं होतं. निर्णय अजून व्हायचा होता, पण काकांना निर्णयाच्या आधी आवराआवर झालेली आवडायची.

“एक घाव दोन तुकडे,” काका म्हणाले. “मास्तरांनी छप्पन वर्षं डोक्याने कापलं, एक कोट परत आला नाही. कॉम्प्युटरने पहिल्याच दणक्यात साठ!”

“दादा, मागच्या वर्षी त्या वकिलांचा आला होता,” आत्या म्हणाली. आत्या बँकेत मॅनेजर होती आणि घरच्या बैठकीलाही वही-पेन घेऊन यायची.

“तो आला नव्हता. वकील जाड झाले होते.”

“कोट शिवायला टाकला आणि घ्यायला आले, तेवढ्यात?”

“काही लोकांची प्रकृती तशी असते.”

मास्तर म्हणजे काकांचे आणि आत्याचे वडील. ते टेबलाच्या मधोमध बसले होते, गळ्यात टेप, कानावर खडूची पेन्सिल. त्यांचं वय एकोणऐंशी. घरात आत्या सोडून सगळे त्यांना मास्तर म्हणत, सुनासुद्धा. नातीला मात्र आजोबा म्हणायची परवानगी होती.

ही नात म्हणजे टाचणी. वय वर्षं चौदा. हे नाव तिला तिसऱ्या वर्षी मिळालं, कारण ती एवढीशी होती आणि कुठे बसलीय ते टोचल्यावरच कळायचं. मोठी झाल्यावर टोचणं प्रश्नांचं सुरू झालं. एक फर्मा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा नमुना, कागदावर काढायला मास्तरांना अर्धा तास का लागतो? उरलेल्या कापडाच्या चिंध्या पोतीभर का निघतात? उत्तर कुणी देईना, तेव्हा तिने वर्षभर खपून एक प्रोग्राम लिहिला. मापाच्या वहीतले आकडे त्यात भरायचे, की प्रिंटरमधून पूर्ण मापाचे कागदी फर्मे बाहेर. शिवाय ते कापडावर कसे मांडले तर चिंध्या कमी होतील, तेही तो दाखवायचा. तिने आधी आईचा एक कोट बेतला, मग काकूचा. दोन्ही अंगावर असे बसले की शिवणखान्यातल्या बायका पाठीवर हात फिरवून बघून गेल्या.

खरी गंमत पुढेच झाली. काकू एकदा म्हणाली, “मलाही दाखव की, कसं लिहितात ते.” काकूमागून कॉलर शिवणारी आली, तिच्यामागून काज करणाऱ्या दोघी आल्या. आता दर शनिवारी दोन वाजता मशिनी बंद झाल्या की याच टेबलाभोवती अकरा बायका बसत आणि चौदा वर्षांची पोर खडू घेऊन उभी राही. कॉलरवालीने मशीनला तेल कधी घालायचं याची आठवण करणारा प्रोग्राम लिहिला होता. तो तिच्या नवऱ्याला गोळ्यांचीही आठवण करायचा. घंटा दोन्हीला एकच होती, त्यामुळे नवरा कुरकुरायचा, पण गोळ्या घ्यायचा.

कॉम्प्युटर शिवणखान्याचा होता. तो गेला की शनिवार गेला, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून तर कात्र्या उचलल्या होत्या.

काका सगळ्यांत मोठ्याने बोलत होते, कारण त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. कोट कापले होते त्यांनी. खांद्यांचे तुकडे हातात घेतानाच त्यांना वाटलं होतं, या पोरी भलत्याच रुंद दिसतात. खात्यापित्या घरच्या असतील, असं म्हणून त्यांनी कात्री चालवली होती. बाह्या जोडणाऱ्या बाईलाही तसंच वाटलं होतं, बटणवालीलाही. कॉम्प्युटरने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हणत सगळ्यांनी मूग गिळले आणि साठ कोट इस्त्री होऊन गाडीत चढले. यातलं एक अक्षरही काका आज उच्चारणार नव्हते.

“तुझं काय म्हणणं?” आत्याने टाचणीच्या आईला विचारलं. आत्याचा हिशोब सरळ होता. ती, काकू आणि आई एका बाजूला, दादा एकटा दुसऱ्या बाजूला. मास्तर बहुमताला मानत नसत, पण बहुमत दिसलं की थोडे मऊ पडत.

“मला वाटतं, जाऊ दे तो कॉम्प्युटर,” आई म्हणाली.

आत्याचं पेन थांबलं. काकासुद्धा चमकले. ही मदत त्यांना अपेक्षित नव्हती.

आईने तीन दिवस पोरीला पाहिलं होतं. ताट समोर असलं तरी नजर कागदावर. शाळेतून आली की दप्तर न काढता आकडे तपासायला बसायची. काल संध्याकाळी तर तिने भिंतीवरचा शनिवारच्या वर्गाचा तक्ता काढला, चार घड्या घातल्या आणि शाळेच्या रद्दीत टाकला. आईला कोटांचं काही वाटत नव्हतं. पोरीने हे ओझं खाली ठेवावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी थोरल्या दिरांच्या बाजूने बोलावं लागलं तरी चालणार होतं, आणि तसं आजवर ती कधीच बोलली नव्हती.

“तिचे बाबा सकाळपासून त्या शाळेत हात जोडून बसलेत,” आई म्हणाली. “चौदा वर्षांच्या पोरीने किती घ्यायचं डोक्यावर? खेळू दे तिला.”

“मी खेळतेच होते,” टाचणी म्हणाली.

ती खिडकीखालच्या स्टुलावर बसली होती, साठातलाच एक कोट घालून. कोट तिच्या मापाचा नव्हताच, त्यामुळे ती त्यात अर्धी बुडाली होती. बाही मागे सारायचा प्रयत्न करून तिने नाद सोडला होता.

“आजोबा, मी सगळं तीनदा तपासलं. चूक सापडत नाही. म्हणजे चूक आहे आणि ती मला दिसत नाही. ज्याला आपली चूक दिसत नाही त्याने दुसऱ्याला शिकवू नये. काका म्हणतात ते बरोबर आहे. न्या तो कॉम्प्युटर.”

काकांना जिंकायचं होतं, पण असं नव्हतं जिंकायचं. भांडून, आरडाओरडा होऊन, शेवटी आत्या वही आपटून उठली असती तर बरं वाटलं असतं. पोरीचा एवढासा चेहरा बघून त्यांनी खोक्यावरचं अस्तर उगाच सरळ केलं.

“अगं, म्हणजे एकदम असं नाही,” ते म्हणाले. “महिनाभर माळ्यावर ठेवू. नंतर बघू.”

“दादा, माळ्यावर ठेवलेलं या घरात कधी खाली आलंय?” आत्या म्हणाली.

“शिडी आली होती.”

“शिडीशिवाय ती वर गेलीच कशी?”

एरवी टाचणी खुदकन हसली असती. आज हसली नाही, आणि तेच आत्याला लागलं. ही पोर लहान असताना आत्या तिला बँकेत घेऊन गेली होती, तेव्हा तिने तिथल्या कॉम्प्युटरमागे वाकून विचारलं होतं, “याला कोण सांगतं, काय करायचं ते?” तेव्हापासून आत्या स्वतःच्या कचेरीतही तो प्रश्न विचारायला शिकली होती, आणि त्यामुळे तिचे वरिष्ठ तिला वचकून असत.

काकू खाली बघत बसली होती. तिच्या मांडीवर कागदांची चळत होती, टाचणीचा अख्खा प्रोग्राम, छापून घेतलेला. तीन दिवस दुपारचा चहा घेता घेता ती तो वाचत होती. तिला वाचायला वेळ लागायचा. वर्गात टाचणीने शिकवलं होतं तसं ती ओळीवर बोट ठेवून वाचायची. कॉम्प्युटर आपण सांगू तेवढंच करतो, आपल्या मनातलं करत नाही, म्हणून वाचताना आपल्या मनातलं घालून वाचायचं नाही. हे वाक्य काकूने वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्याला चौकट केली होती.

पाठीच्या मापाशी तिचं बोट अडलं होतं. तिने मापाची वही उघडून सतराव्या नंबरच्या मुलीचं पाठीचं माप घेतलं, सोळा. ते समासात लिहायला गेली तर हाताने पंधरा लिहिलं. पुन्हा बघितलं, पुन्हा पंधराच. तीस वर्षांत तिने शेकडो पाठी बेतल्या होत्या आणि प्रत्येक वेळी हात असाच एक घर मागे यायचा. कागदावर मात्र ते मागे येणं कुठे दिसेना. आपल्यालाच वाचता येत नसेल, म्हणून ती तीन दिवस गप्प होती. अकरा जणींत सर्वांत हळू तीच शिकत होती, आणि काका ते अधूनमधून बोलूनही दाखवत.

“टाचणे,” ती म्हणाली. “एक विचारू? वेड्यासारखा प्रश्न आहे.”

“वर्गात वेड्यासारखा प्रश्न नसतो, काकू,” टाचणी सवयीने म्हणाली. मग तिला आठवलं की वर्ग आता नाही, आणि तिने मान खाली घातली.

“यात तो एक कुठे वजा केलायस? मला सापडेना.”

“कसला एक?”

“अगं, तो. आपला नेहमीचा.”

“हो, तो एक,” आई म्हणाली.

“तो तर करावाच लागतो,” काका म्हणाले.

मास्तरांनी मान डोलावली. आत्याचं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली होती, पण तिनेही मान डोलावली. टाचणी स्टुलावरून उतरली.

“कुठला एक?” तिने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मास्तरांचा हात नकळत गळ्याकडे गेला.

एकतीस वर्षांपूर्वी मास्तरांच्या टेपचं पहिलं टोक गरम इस्त्रीखाली आलं आणि पहिला इंच जळाला. काम घाईचं होतं. मास्तरांनी जळका तुकडा कचकन कापला, उद्या नवा टेप आणू म्हणाले आणि कामाला लागले. तो उद्या अजून उजाडायचा होता. टेप आता एकपासून सुरू व्हायचा. त्यामुळे तो दाखवेल ते माप एक इंच जास्त, मास्तर तसंच मोठ्याने सांगणार, काकू तसंच वहीत लिहिणार, आणि फर्मा काढताना जो तो मनातल्या मनात एक सोडून देणार. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचा मान फक्त मास्तरांचा, त्यामुळे दुसऱ्या टेपचा संबंधच आला नाही. सुना आल्या त्या आठवड्याभरात शिकल्या. कुणी सांगितलं, हे त्यांनाही आठवत नव्हतं.

“मला कुणी सांगितलंच नाही!” टाचणी म्हणाली.

“मला वाटलं, तुझे बाबा सांगतील,” काका म्हणाले.

“मला वाटलं, वहिनी सांगतील,” आई म्हणाली.

“मला वाटलं, तुला ठाऊकच असेल,” काकू म्हणाली. “तू याच घरातली ना.”

“ते काय सांगायचं असतं?” मास्तर म्हणाले. “श्वास घे म्हणून सांगतं का कुणी?”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” आत्याने वही मिटली. “तीन दिवस पोर प्रोग्राम पिंजून काढतेय आणि चूक बाबांच्या गळ्यात लोंबतेय!”

“आईचं आणि काकूचं माप मी नव्या टेपने घेतलं होतं,” टाचणी भराभर बोलायला लागली. “म्हणून ते बसले. आणि तुम्ही पुढचं वेगळं घेता, पाठीचं वेगळं, खांदा वेगळा, बाही वेगळी. म्हणजे प्रत्येक तुकड्याला एक. गळ्यालासुद्धा! आजोबा, मी तीन दिवस रडतेय!”

आणि इतक्या वेळाने ती खरंच रडली, कोटाच्या बाहीत तोंड खुपसून. बाही लांब होती, पुरली. आई उठून तिच्याजवळ गेली. दिरांची बाजू घेतल्याचं तिला आता फार वाईट वाटत होतं.

“पण माझंही चुकलं,” टाचणी जरा वेळाने म्हणाली. “मी वहीतले आकडे नुसते उचलले. आजोबा माप घेताना एकदासुद्धा शेजारी जाऊन उभी राहिले नाही. मी विचारायला हवं होतं.”

“झालं तर मग,” काका म्हणाले. ते आधीच अस्तर काढून वायरी सोडवायला लागले होते. सकाळी त्यांनी गाठी फारच मन लावून मारल्या होत्या. “एक वजा टाक त्यात. मिटलं.”

“नाही टाकणार. उद्या आजोबांनी नवा टेप आणला तर सगळे कोट एक इंच तोकडे होतील.”

“मी नवा टेप आणणार नाही,” मास्तर म्हणाले.

“आजोबा, तो चुकीचा आहे.”

“चुकीचा नाही. तुटका आहे. एकतीस वर्षं माझी बोटं त्याच्यावर चालतायत. नव्या टेपवर मी आंधळा होईन.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आत्या पुटपुटली. आजोबा आणि नात एकमेकांकडे बघत राहिले. दोघांची हनुवटी सारखीच पुढे आली होती.

“त्यालाच विचारू दे की,” काकू म्हणाली.

“कुणाला?”

“प्रोग्रामला. सुरू झाला की आधी विचारायचं, माप मास्तरांनी घेतलं का? हो म्हटलं की एक वजा. नाही म्हटलं तर आहे तसं. येतं ना तसं लिहिता? त्या दिवशी तू शिकवलंस, तेच ना ते?”

टाचणी तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने कॉम्प्युटर सुरू केला, खुर्ची मागे ओढली आणि म्हणाली, “तूच लिही.”

“मी?”

“तुला सापडलंय. तू लिही.”

काकूने पदराला हात पुसले आणि खुर्चीत बसली. एकेक अक्षर शोधून, एकेका बोटाने, तिने तीन ओळी लिहिल्या. मध्ये एकदा चुकली, टाचणीने ‘हं’ एवढंच म्हटलं आणि चूक तिची तिलाच सापडली. मग सतराव्या नंबरचं माप भरलं. पडद्यावर प्रश्न आला. काकूने ‘हो’ दाबलं, प्रिंटर घरघरला आणि पाठीचा फर्मा बाहेर आला. काकांनी तो लाकडी पट्टीने मोजला, पुन्हा मोजला.

“पंधरा,” ते म्हणाले. “काय लिहिलंस गं तू नेमकं?”

“तुम्हाला नाही कळायचं,” काकू म्हणाली. हे वाक्य तीस वर्षं या नवराबायकोत दुसऱ्या दिशेने गेलं होतं. काकांनी फर्मा उगाच आणखी एकदा पट्टीला लावला, आणि बायकोच्या तोंडाकडे बघताना त्यांना बरंच वाटलं.

“म्हणजे माझं नाव त्यात कायमचं लिहिलं गेलं,” मास्तर म्हणाले. “चुकीच्या खाती.”

कुणी काही म्हणायच्या आत फोन वाजला. टाचणीचे बाबा, शाळेतून. आत्याने स्पीकर लावला.

“दादाने सांगितलं तसं मी सांगितलं, कॉम्प्युटरची चूक म्हणून,” बाबा खालच्या आवाजात म्हणाले. “आता मुख्य बाई म्हणतात, असं असेल तर पुन्हा तो प्रोग्राम वापरणार नाही असं लिहून द्या. तरच कोट परत शिवायला देतील. देऊ का लिहून?”

टाचणीने हात पाठीमागे नेले. काका खोक्याकडे बघत उभे राहिले. सकाळपर्यंत त्यांना हेच हवं होतं.

मास्तरांनी हात पुढे केला. आत्याने स्पीकर बंद करून फोन दिला.

छप्पन वर्षांत मास्तरांनी कुठल्याही गिऱ्हाइकापुढे आपली चूक कबूल केली नव्हती. बटण तुटलं तर धागा वाईट होता, कोट घट्ट झाला तर माणूस वाढला होता. असं बोलल्याने नाव टिकतं असं त्यांना वाटायचं, आणि नाव टिकलंही होतं. त्यांनी नातीकडे पाहिलं. तीन दिवसांत पोर उतरली होती. नाव टिकवायची ती किंमत त्यांना परवडेना.

“बाईंना दे,” ते मुलाला म्हणाले. मग थांबले, घसा साफ केला. “बाई, नमस्कार. मी मास्तर बोलतोय. चूक माझी. माप मी घेतलं होतं. नाही, कॉम्प्युटरची नाही. पोरीचीही नाही, तिने मी सांगितलेला आकडा खरा मानला. माझा टेप तुटका आहे. हो, एकतीस वर्षं. हसा, हसा. लिहून काही देणार नाही. द्यायचंच तर हे देतो लिहून, की पुढचे कोटही तिच्याच प्रोग्रामने बेतणार.”

मास्तर थोडा वेळ ऐकत राहिले.

“कधी मिळतील ते मी कसं सांगू?” ते म्हणाले. “बेतणारी इथे उभी आहे. तिला विचारा.”

आणि त्यांनी फोन टाचणीच्या हातात दिला. तिने दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. साठ कोटांचे खांदे उसवायचे, पुन्हा कापायचे, पुन्हा जोडायचे. ओठ हलवत तिने मनातल्या मनात गणित केलं. पलीकडून बाईंनी शनिवार चालेल का म्हणून विचारलं.

“शुक्रवारी देते, बाई,” टाचणी म्हणाली. “शनिवारी नाही जमायचं. शनिवारी आमचा वर्ग असतो.”